रेषेवरून हलवलेल्या टाळ्या

कांद्याच्या रोपाचा वास बोटांतून लवकर जात नाही. कितीही साबण लावा, भाकरी थापायला बसलं की पिठातून तो पुन्हा वर येतो. हिरवा, तिखट आणि थोडा चिखलाचा. लागणीच्या दिवसांत तो चहाच्या कपाला लागतो, उशीला लागतो, देवापुढच्या वातीलासुद्धा लागतो. परवा नळावर शेजारणीचा हंडा तिच्या डोक्यावर चढवून दिला आणि माझ्या हाताला तो वास आला. म्हणजे कुठंतरी लागण सुरू झाली. ती निघून गेली. माझी घागर भरून वाहायला लागली तरी मी तशीच उभी होते.

आमचं गाव शिरूर तालुक्याच्या अगदी कडेला आहे. नदीवरचा पूल ओलांडला की दौंड तालुका. या दिवसांत दोन्हीकडची रानं सारखीच दिसतात. तोडलेल्या उसाचं वाळलेलं पाचट, मधूनमधून गव्हाचे तुकडे आणि कांद्यासाठी पाडलेले वाफे. सकाळी बायकांच्या टोळ्या पिकअपमध्ये उभ्या राहून या रानातून त्या रानात जातात. थंडीनं ओठ फुटलेले असतात, तरी तोंडं बंद नसतात.

माझं तोंड मात्र बंद असतं. चारचौघांत मला बोलता येत नाही, पहिल्यापासूनच. लग्न होऊन या घरी आले त्या पहिल्या थंडीत मला टोळीत आक्काच्या शेजारी बसवलं. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. रोप कसं धरायचं ते तिनंच मला दाखवलं. मुळी चिमटीत घ्यायची, अंगठ्यानं दाबायची, पण फार खोल नाही. खोल गेली तर कांदा गोल न होता लांबडा होतो. कुणी मला काही विचारलं की उत्तर आक्काच द्यायची. “तिला नका इचारू, ती मुक्यांच्या शाळंत चौथी पास झालीय,” असं म्हणायची. सगळ्या हसायच्या आणि माझी सुटका व्हायची. इतकी वर्षं माझ्या वाटचं तीच बोलत आली.

आता लागण आली की मला गेल्या वर्षीचीच आठवते. दिवसभर मी वाफ्यात बसत होते आणि दिवेलागणीला नितीनच्या कॉम्प्युटरपुढं.

नितीन माझा मुलगा. सणसवाडीला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत जातो, कंत्राटावर. पाळी बदलत राहते, म्हणून त्याच्या झोपेचा काही नेम नसतो. त्यानं मित्राकडून एक जुना कॉम्प्युटर आणला आणि त्यावर गाणी करायला लागला. गाणी करतो म्हणजे तो गात नाही, वाद्यंही वाजवत नाही. ढोलकी, झांजा, बासरी, व्हायोलिन, सगळं त्या पेटीच्या आतच आहे. एकेक वाद्य घेऊन एकावर एक रचायचं. हे तो मोबाईलवरचे व्हिडिओ बघून शिकला. कधी जमायचं, कधी वैतागून जेवण न करता झोपायचा.

गेल्या वर्षी त्याच्या मित्राच्या बहिणीची हळद होती. तिच्यासाठी त्यानं एक गाणं करायला घेतलं होतं. एका संध्याकाळी मी रानातून आले, पाय धुतले आणि त्यानं मला हाक मारली.

“आई, हे ऐक. टाळ्या किती बाया वाजवत्यात?”

मी ऐकलं. ढोलकीबरोबर टाळी पडत होती, खणखणीत. “एकच हाय की,” मी म्हणाले.

त्याचा चेहरा पडला. “सहा हायत.”

मग त्यानं मला पडद्यावर दाखवलं. काळ्या पडद्यावर आडव्या सहा ओळी होत्या आणि त्यांत छोट्या छोट्या हिरव्या कांड्या. वरून खाली उभ्या रेषा आखलेल्या. प्रत्येक ओळीतली कांडी नेमकी रेषेवर बसलेली. मला तर ते नीट लावलेल्या वाफ्यासारखंच दिसलं. किती छान लावलंय, असं मनात आलं. पण तो म्हणाला की चूक तीच आहे. सहा टाळ्या एकाच क्षणी पडल्या की सहा राहत नाहीत. एकच बाई होते, लई मोठ्या हाताची.

मग त्यानं सगळ्या ओळी थोड्या मागंपुढं केल्या, पण सहाही ओळींना तेच माप. “आता ऐक.” मी ऐकलं. तो स्वतःच म्हणाला, “हीबी एकच बाई हाय. आता नुसती पिल्याली.” आम्ही दोघं हसलो. कॉम्प्युटरमध्ये एक बटन आहे म्हणे, ते दाबलं की कांड्या आपोआप विस्कटतात. तेही त्यानं करून बघितलं होतं. ते पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाजत होतं. तो म्हणाला, माणूस असा कसाही चुकत नाही. एक बाई कायम घाईची असते. एक जरा दमानं घेते. एक ओळीच्या सुरुवातीला बरोबर असते आणि शेवटाला दमते. प्रत्येकीला तिचं तिचं चुकणं द्यायला लागतं, तेव्हा सहा बाया दिसायला लागतात.

मी म्हणाले, “मग आम्हीच येतो की. खऱ्याच बाया हाव.”

त्याला ते पटलं. कामाला सुटी होती त्या दिवशी मी टोळीतल्या बायांना घरी बोलावलं. बोलावलं म्हणजे आक्कानंच बोलावलं, मी तिच्या मागं उभी होते. शमीमभाभी सगळ्यांत पुढं होत्या. त्या आमच्या टोळीच्या मुकादमीण. कुणाच्या रानात जायचं, गाडी कुठून कशी न्यायची, सगळं त्यांच्या फोनवर ठरतं. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या बैलांना नाल मारायचं काम होतं. बैल कमी झाले, तशी भाभींनी टोळी धरली.

“काय रे नित्या,” भाभी ओसरीत बसता बसता म्हणाल्या, “आमाला शिनेमात घेतो का काय?”

“टाळ्या पायजेत फक्त, भाभी.”

“फक्त टाळ्या? मंग तोंड धुऊन आल्याचा काय उपेग?”

आवाज भरून घ्यायला नितीननं मोबाईल सगळ्यांच्या मध्ये ठेवला. पहिल्यांदा सगळ्या हसल्या. दुसऱ्यांदा कुणाचं तरी कुत्रं भुंकलं. तिसऱ्यांदा उसाची ट्रॉली मोठ्यानं गाणं लावून गेली. चौथ्यांदा भाभी म्हणाल्या, “आरं, टाळी वाजवताना हसू येतंय त्याला आमी काय करायचं?” आणि पुन्हा सगळ्या हसल्या. शेवटी चहा झाला आणि सगळ्या गेल्या. कामाला येईल असं काहीच मिळालं नव्हतं. पण नितीन नाराज नव्हता. म्हणाला, बघायला तरी मिळालं कोण कसं वाजवतं ते.

त्या सगळ्या गोंधळात आक्कानं एकही टाळी वाजवली नाही. ती भिंतीला टेकून बसली होती. उजवा हात पदराखाली. भाभी म्हणाल्या, “आक्का, तुमी का बसलाव पाव्हण्यावानी?” तर म्हणाली, “मला न्हाई येत असलं.” हळदीत, डोहाळजेवणात, सगळ्यांत मोठी टाळी आक्काची असायची. मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

मला तेव्हा माहीत होतं. टोळीत अजून कुणी बोललं नव्हतं, पण मी तिच्या शेजारीच बसत होते.

कांदा लावताना आम्ही पुढं जात नाही, मागं सरकतो. उकिडवं बसायचं, समोरच्या मातीत ओळीनं रोपं दाबायची आणि एक पाऊल मागं. वाफ्याच्या रुंदीत पाच-सहा जणी बसतात. प्रत्येकीच्या समोर जेवढा पट्टा, ती तिची पात. सगळ्या बरोबरीनं मागं सरकतात, म्हणून बांधावरून बघणाऱ्याला बायांची एक सरळ रांग दिसते. एखादी हळू झाली तर रांग मागं जाते आणि ती एकटीच पुढं, वाफ्याच्या मध्ये, सगळ्यांना दिसेल अशी उरते. आमच्यात हळू असणं लपत नाही.

पण बायका ते लपवतात. अंग दुखत असेल, कुणी पोटुशी असेल, कुणाला घरी मार बसला असेल, तर दोन्ही बाजूच्या जणी काही न बोलता आपली पात दोन-दोन रोपांनी रुंद करतात. मधलीची पात अरुंद होते. तिला थोडीच रोपं लावावी लागतात आणि ती बरोबरीनं मागं सरकते. रांग सरळ राहते. हे कुणी कुणाला शिकवत नाही आणि झाल्यावर कुणी बोलूनही दाखवत नाही. गेल्या वर्षी लागण सुरू झाली तेव्हा मी आक्काच्या बाजूला दोन रोपं जास्त लावत होते. मग तीन. मग चार.

तिचा हात उशिरा यायचा. रोप चिमटीत असायचं, डोळे मातीवर असायचे आणि हात निघायचाच नाही. जरा वेळानं, कुणीतरी आतून ढकलल्यासारखा, निघायचा. एकदा निघाला की बरा चालायचा. मग परत अडायचा. बोटं थरथरायची ती थंडीची, असं ती म्हणायची. ऊन झालं तरी थरथरायची.

एकदा भाकरी खाताना शमीमभाभी माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “सुमे, तुजी पात लई रुंद व्हायला लागलीय. कंबर जाईल तुजी.” मी मान खाली घातली. भाभींनी त्यांच्या डब्यातली अंड्याची पोळी माझ्या भाकरीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी आक्काच्या पलीकडच्या बाजूला त्या स्वतः बसल्या.

अशी मी दिवसभर रांग सरळ ठेवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन बघायचे तर माझा मुलगा सरळ रांग वाकडी करत बसलेला. मला गंमत वाटायची. एका कांडीवर तो किती वेळ घालवायचा! केसभर मागं, पुन्हा ऐक, केसभर पुढं, पुन्हा ऐक. टाळ्यांच्या ओळींना त्यानं बायांची नावं दिली होती. सगळ्यांत वरची ओळ भाभींची. ती कायम रेषेच्या जरा आधी. तिच्याखालची माझी. ती रेषेच्या जरा मागं, आणि आवाजानं बारीक. “तू टाळीबी लाजून वाजवतीस,” तो म्हणाला.

त्यानं मला माऊस धरायला शिकवलं. सुरुवातीला माझ्या हातातून बाण कुठंही पळायचा. मग जमलं. एके दिवशी रातपाळीला निघताना तो म्हणाला, “आई, वरच्या चार ओळी झाल्यात. खालच्या दोन अजून रेषेवर सरळ हायत. त्यांतल्या कांड्या जरा जरा हलवून ठेव. लई न्हाई, जरा.”

तो गेल्यावर मी बसले. खालच्या दोन ओळी भीत भीत हलवल्या. मग सहज वर बघितलं. वरच्या ओळींत एक कांडी रेषेपासून मागं राहिली होती. बाकीच्यांच्यात ती एकटी दिसत होती. मी काही विचार केला नाही. माझा हातच गेला. मी ती धरून रेषेजवळ नेली, तर जवळ गेल्यावर ती टपकन आपोआप रेषेला चिकटली. मला फार बरं वाटलं. मग शेजारची. मग तिच्या पुढची. राहिलेलं दिसलं की मी ओढून रांगेत घेत होते. भाकऱ्या करायच्या राहिल्या. चारही ओळी नीट बसवून मी उठले तेव्हा माझी मान दुखत होती आणि काहीतरी चांगलं काम केल्यासारखं वाटत होतं. त्यानं शिकवलं होतं तसं ते जपून ठेवलं आणि कॉम्प्युटर बंद केला.

सकाळी तो आला, गाणं लावलं आणि ओरडला.

“आई! हे कुणी केलं?”

“म्या. वरच्या वाकड्या झालत्या.”

“वाकड्या झालत्या? आगं, त्या वाकड्या करायला मी सगळा आठवडा घातला!” त्यानं डोक्याला हात लावला. मग माझ्याकडं बघितलं आणि त्याला हसू फुटलं. हसत हसतच तो शेजारी आक्काच्या दारात गेला, मी त्याच्या मागं. “मोठे आई, ऐकलं का? आईनं माझ्या बायांची पात लावून दिली!”

सगळं ऐकून आम्ही हसून घेतलं, आक्काचे मालक हसले, नितीन चहाला बसला. आणि मग आक्काच्या तोंडावर हसू आलं. हळूहळू, एका बाजूनं. नितीन कप तोंडाशी नेता नेता थांबला. त्या दिवशी त्याच्या लक्षात आलं. तोच तिला मोटारसायकलवर बसवून शिरूरला डॉक्टरांकडं घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, मेंदूकडून हाताला निरोप जायला वेळ लागतो. गोळ्यांनी आवरेल, पण जाणार नाही. वाढेल हळूहळू. घरी आल्यावर आक्का म्हणाली, “गोळ्या घेते मी. पर लागनीला येनार. घरात बसवलं तर मी मरून जाईन.” ती हे रागानं नाही बोलली. भाजीत मीठ किती टाकायचं ते सांगावं तसं बोलली.

तिला टोळीत ठेवायचं एवढंच मग आमच्या डोक्यात राहिलं.

टाळ्या पुन्हा वाकड्या करून झाल्यावर नितीननं गाण्यात व्हायोलिन घातलं. तेही चार-पाच थर, एकावर एक. ते रेषेवर होते तरी मागं रेंगाळल्यासारखे वाजत होते. मी विचारलं, असं का? तो म्हणाला, “टाळी पडली की पडली. व्हायोलिनला सूर धरायला टाईम लागतो. तो हळूहळू फुगतो. रेषेवर सुरू केला तर पोचतो उशिरा. म्हणून त्याला रेषेच्या आधीच सोडायचं.” त्यानं व्हायोलिनचे सगळे थर थोडे अलीकडं सरकवले. पडद्यावर ते आता चुकीचे दिसत होते, सगळ्यांच्या आधी निघालेले. पण ऐकताना ते टाळीबरोबर नेमके आले.

“किती आधी सोडायचं?” मी विचारलं.

“प्रत्येक वाद्याचं माप ठरल्यालं असतंय. एकदा घावलं की झालं.”

दुसऱ्या दिवशी रानात गेल्यावर बाकीच्या डोक्याला रुमाल बांधत होत्या, तंबाखू मळत होत्या. मी आक्काला म्हणाले, “चल, आपन बसू.” तिला आधीच वाफ्यात बसवलं. तिचा अडलेला हात मोकळा होईपर्यंत बाकीच्या आल्या आणि रांग जमली. दुपारी जेवून उठल्यावर तसंच. नवीन वाफा सुरू करताना तसंच. काही दिवस ते इतकं छान चाललं की मला माझी पातसुद्धा रुंद करावी लागली नाही. मी नितीनला सांगितलं. तोही खूष झाला. मला वाटलं, माप घावलं.

पण व्हायोलिनचा उशीर रोज तेवढाच असतो. आक्काचा रोज वेगळा. कधी गोळी लागू पडायची आणि ती सगळ्यांच्या आधी वाफा संपवून टोमणे मारत बसायची. कधी आधी बसवूनही रोप हातात तसंच. मी नितीनला विचारलं, “एखादं वाद्य रोज निराळं मागं ऱ्हायलं तर त्याला किती आधी सोडायचं?” त्यानं माऊस बाजूला ठेवला. मग म्हणाला, “तसं वाद्य नसतंय, आई.”

आक्कालाही कळलंच. एकदा म्हणाली, “मला आधी बसवून तुमी मागं गप्पा हाणता व्हय गं?” ती हातातल्या रोपाकडं बघत म्हणाली, “हात मी बोलावते आन् तो मागनं येतो. तू मला पहाटं आणून बसवलंस तरी त्यो मागनंच येनार, सुमे.”

मग तो दिवस आला. पुलापलीकडं, दौंडच्या बाजूला एका आप्पांचं रान होतं. लाईट दुपारपर्यंतच होती. लावलेल्या वाफ्यांना लाईट जायच्या आत पाणी द्यायचं होतं, नाहीतर उन्हानं रोपं माना टाकतात. त्या दिवशी आक्काचा हात फारच मागं राहिला. मी एका बाजूनं, भाभी दुसऱ्या बाजूनं, आम्ही तिची पात इतकी अरुंद केली की तिच्यापुढं एकाच रोपाची ओळ उरली. तीही तिला झेपेना. आम्ही मागं सरकलो आणि ती पुढं राहिली, एकटी, मधोमध. बांधावरून आप्पा बघत होते. लाईट गेली तेव्हा शेवटचे वाफे कोरडेच होते. संध्याकाळपर्यंत तिथली रोपं जमिनीला टेकली. आप्पा चांगले होते, ओरडले नाहीत. भाभींना बाजूला घेऊन म्हणाले, “उद्यापास्नं त्या बाईला आनू नका. माझं रोप मरतंय.”

तरी भाभींनी तिला घरी बसवलं नाही. बांधावर बसून रोपांच्या जुड्या सोडून द्यायचं काम दिलं. आक्का बांधावर बसली. आम्ही वाफ्यात, ती वर. मध्ये एवढंसं अंतर. पण तिच्या हातातली जुडी सुटायच्या आत आमची रोपं संपायची आणि भाभी स्वतः उठून जुडी सोडून घ्यायच्या. कुणी काही बोलत नव्हतं. आक्काही बोलत नव्हती. मला वाटायचं आपण काहीतरी बोलावं, एखादी गंमत करावी, ती इतकी वर्षं माझ्यासाठी करत आली तशी. मला गंमत करता येत नाही. मी शब्द जुळवेपर्यंत वाफा संपायचा.

हळदीत नितीनचं गाणं वाजलं. मांडवात पोरी नाचल्या, बाया नाचल्या. टाळ्यांकडं कुणाचंही लक्ष गेलं नाही. मी त्याला तसं म्हणाले, तर तो म्हणाला, “लक्ष गेलं न्हाई म्हंजी जमलं.” मी मांडवाच्या कडेला उभी राहून ऐकत होते. मला एकेक जण ओळखू येत होती. घाईच्या भाभी, मागं राहिलेली बारीक मी. आणि एक ओळ अशी होती की ती कधी नेमकी पडायची, कधी उशिरा, कधी एक टाळी सोडूनच द्यायची. ती कुणाची ते मी नितीनला विचारलं नाही. गाण्यात ती रांगेतच होती. तिथं तिच्यामुळं कुणाचं रोप मरत नव्हतं.

रेषेवरून हलवायचं की रेषेवर आणायचं, हे माणसाच्या हातात असतं असं मला त्या थंडीत काही दिवस वाटलं होतं. आता वाटत नाही. कॉम्प्युटरमध्ये चुकलं तर मागं जाता येतं. नितीननं मला ते बटनही दाखवलंय.

या वर्षी आक्काचं बोलणंही उशिरा येतं. काही विचारलं तर ती ऐकते, तिला कळतं, डोळ्यांत उत्तर दिसतं, पण ते तोंडापर्यंत यायला वेळ लागतो. घरातल्यांना आता सवय झाली आहे. विचारायचं, हातातलं काम करत राहायचं, मग उत्तर येतं. बाहेरच्यांना ते ठाऊक नसतं. ते दुसरं काहीतरी विचारतात, किंवा निघून जातात.

काल दुपारी मी तिच्या ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत होते. ती समोर बसली होती. भाभींचा फोन आला. कानाला फोन लावून बोलायचा मला संकोच वाटतो, म्हणून मी तो मोठ्या आवाजावर ठेवते.

“सुमे, उद्यापास्नं लागन. पुलापलीकडं जायचंय. येती ना?”

“व्हय.”

“आन् आक्का? बांधावर बसायला तरी? इचार तिला. मला गाडीत मानसं सांगायचीत.”

मी आक्काकडं बघितलं. तिनं ऐकलं होतं. तिचे डोळे फोनवर होते. ओठ जरा हलले.

“थांबा हं, भाभी,” मी म्हणाले.

“किती थांबू? दुसरा फोन येतोय मला.” मागं गाडीचा आवाज येत होता. “काय म्हंती?”

मला म्हणता आलं असतं, येते म्हणते. ती यायला निघालीच होती, मला तिच्या तोंडावर दिसत होतं. पण ते उत्तर तिचं होतं. इतकी वर्षं तिनं माझं उत्तर दिलं, आणि मला तिचं देता आलं नाही.

“बरं, ऱ्हाऊ दे,” भाभी मऊ आवाजात म्हणाल्या. “समजलं मला. तिला म्हनावं आराम कर. मी रखमीच्या सुनेला घेते.” फोन बंद झाला.

शेंगांवरून एक माशी उडाली.

“येते म्हन,” आक्का म्हणाली.

ती भिंतीला धरून उठली. आत गेली. भांड्यांचा आवाज आला, मग ट्रंक उघडल्याचा. मी फोन हातात घेऊन बसले होते. परत लावायचा तर काय बोलायचं, कुणाच्या सुनेला गाडीतून उतरवायचं, ते मला सुचेना. ती डोक्याला बांधायचा रुमाल घेऊन बाहेर आली. धुतलेला, घडी घातलेला. माझ्या शेजारी बसली. मी सोललेले दाणे नुसते इकडून तिकडं करत राहिले.

“गाडी कवा येनार?” तिनं विचारलं.

“उजाडल्या उजाडल्या,” मी म्हणाले.